ओल्या दिवशी पडणारं बटण

आमच्या घरातली ऊब आजवर तीनदा बदलली, आणि तिन्ही वेळा मी इथेच होते.

लग्न होऊन आले तेव्हा चुलीतला धूर जमिनीखालच्या दगडी वाटांतून फिरायचा आणि वरची खोली तापायची. चुलीजवळचा कोपरा सासऱ्यांचा. तिथला जमिनीवर चिकटवलेला तेलकट पिवळा कागद करपून तपकिरी झाला होता. सुनेची जागा पार दाराशी, जिथे धूर पोचेपर्यंत थंड झालेला असे. मग कोळशाच्या भोकं पाडलेल्या वड्या आल्या. त्यांचा धूर दिसत नसे आणि वासही येत नसे. एका पहाटे माझी धाकटी नणंद उठेचना. सासूबाईंनी तिला फरफटत अंगणात आणलं आणि मुळ्याच्या खारवलेल्या भाजीचं पाणी तिच्या तोंडात ओतलं. ती वाचली. पाण्यामुळे वाचली की अंगणातल्या वाऱ्यामुळे, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे तेलाचा बॉयलर आला. स्वयंपाकघरामागे विटांची एक छोटी खोली बांधून तो तिथे बसवला, आणि त्याचं गरम पाणी नळ्यांतून सगळ्या जमिनीखाली फिरू लागलं. गार कोपरा असा राहिलाच नाही. इनसोपचे वडील पहिल्या दिवशी सगळ्या घरभर अनवाणी फिरले होते.

इनसोप माझा मुलगा. आनयांग शहरात राहतो, चौदाव्या मजल्यावर. त्याचे वडील जाऊन चार वर्षं झाली.

माझं नाव सुनदक, पण या गावात मला कुणी त्या नावानं हाक मारलेली नाही. माझं माहेर बोसंग, म्हणून मी बोसंगवाली. माझी मैत्रीण मुजूहून आली, म्हणून ती मुजूवाली. जिनानच्या डोंगरातलं हे गाव, अकरा घरांचं. त्यातल्या सात घरांना कुलूप आहे. सातवं कुलूप मुजूवालीचं. गेल्याच्या गेल्या शरदात तिचा मुलगा तिला म्हाताऱ्यांच्या रुग्णालयात घेऊन गेला. “फक्त हिवाळ्यापुरतं,” असं ती मला फाटकाशी म्हणाली, आणि आपल्या मिरचीच्या रोपांवर लक्ष ठेवायला सांगून गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले. एका खोलीत सहा खाटा होत्या. सगळ्यांचे केस सारखेच कापलेले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, तुम्ही कुठल्या?”

मी म्हटलं, “बोसंगची.”

“लांब आहे हो,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

त्या दिवसापासून मला एकाच गोष्टीची भीती वाटायची, आणि ती भीती आली ती बॉयलरच्या वाटेनं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातच बॉयलर सारखा बंद पडू लागला होता. ओसरीवरच्या विजेच्या पेटीत बॉयलरच्या वायरचं एक वेगळं बटण आहे. वीज कुठे गळू लागली की ते आपोआप खाली पडतं. ते ‘टक’ करून पडायचं, बॉयलर बंद, जमीन गार. दुसऱ्या दिवशी वर ढकललं की राहायचं. मी कुणाला काही बोलले नाही. विजेची चटई अंथरून झोपले. तिच्यावर पोटरी टेकून झोप लागली आणि कातडी हळूहळू भाजली. म्हातारी कातडी, कळलंच नाही. नववर्षाला इनसोप आला तेव्हा सुनेनं ते बघितलं. “आई, हे काय आहे?” एवढंच ती म्हणाली, पण इनसोपचा चेहरा उतरला.

ऑक्टोबरात त्यानं नवा बॉयलर बसवला. भिंतीवर काचेची डबी आली, तिच्यात आकडे दिसतात. इनसोपच्या फोनवरही तेच आकडे दिसतात. माझ्या घरात किती ऊब आहे हे त्याला आनयांगला बसून कळतं. बॉयलर बंद पडला तर त्याचा फोन ओरडतो.

“आता लपवाछपवी चालणार नाही हं, आई,” तो हसत म्हणाला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस नव्या बॉयलरचंही बटण पडलं. मिनिटभरात फोन आला. “आई, घरात आहेस ना? अंगात काय घातलंयस? प्यो मिस्त्रीला मी कळवतोय.” दुसऱ्या दिवशी सकाळी जिनानहून प्यो मिस्त्री आला. पन्नाशीचा माणूस, दोन्ही गुडघ्यांवर चिकटपट्ट्या लावलेला. त्याच्या बापानंच आमचा तेलाचा पहिला बॉयलर बसवला होता, आणि हाही मला आईच म्हणतो. ऊन पडलं होतं. त्यानं बटण वर केलं, बॉयलर सुरू. मीटर लावून बघितलं, काही नाही. आग पेटवणारा भाग बदलून तो गेला.

डिसेंबरात पुन्हा तेच. या वेळी त्यानं आतली विजेच्या जोडण्यांची हिरवी पाटी बदलली.

“नवा कोरा बॉयलर आणि दर महिन्याला रुसतो,” तो म्हणाला. “आई, तुम्ही याला काही बोलता का?”

“मी कशाला बोलू? तूच बोलतोस, तू आलास की गुमान चालतो.”

“हो ना! मी आलो की शहाणा. शाळेतल्या पोरासारखा. मास्तर गेले की पुन्हा दंगा.”

त्याच संध्याकाळी इनसोपचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे त्यानं आधी घोकून ठेवलं होतं. “आई, उणे पंधरा होतं तिकडे. नळ्या गोठल्या, फुटल्या, आणि तू एकटी. मला झोप लागत नाही. इथे जवळच एक ठिकाण आहे, चांगलं आहे, मी तुझं नाव यादीत घातलंय. अजून एकदा बॉयलर बंद पडला की मी येऊन तुला घेऊन जाणार. यावर आता वाद नको.”

“तुझ्या घरी?”

“आई, आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो.”

मी म्हटलं, “बरं.”

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. एरवी तो रविवारी फोन करायचा, तोही दोन रविवारांआड. बटण पडलं की मात्र एका दिवसात चार चार वेळा करायचा. काय खाल्लंस, पाय गरम आहेत का, मोजे घाल. ते बोलणं ऐकायला बरं वाटायचं. बरं वाटलं की स्वतःचाच राग यायचा.

माझ्या खोलीत शेतकरी संघाचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर आहे. कधी काय पेरलं, कुणाच्या घरी कोण गेलं, सगळं मी त्यावर लिहिते. जुनी कॅलेंडरंही जपून ठेवते. जानेवारीत एका दुपारी ती काढून बसले. बटण पडलं त्या त्या दिवसाच्या चौकटीत मी एक फुली केली होती. त्याच चौकटींत दुसऱ्याही गोष्टी लिहिलेल्या होत्या: ‘कपडे वाळले नाहीत.’ ‘धुकं.’ ‘बर्फ वितळला, पागोळ्या.’ ‘गुडघे.’ एकही फुली कोरड्या दिवशी नव्हती. कडाक्याच्या थंडीत बॉयलर रात्रंदिवस चालत होता आणि बटणानं हूं की चूं केलं नव्हतं. हवा ओली झाली की ते पडायचं. आणि प्यो यायचा दुसऱ्या दिवशी, हवा उघडल्यावर.

मी त्याला फोन केला. “प्यो, तू ओल्या दिवशी ये.”

“आई, लोक बिघाड झाल्यावर बोलावतात. तुम्ही हवामान बघून बोलावताय?”

“तुझा मीटर कोरड्या दिवशी खोटं बोलतो. बुधवारी पाऊस सांगितलाय. बुधवारी ये.”

मंगळवारी माझा धीर सुटला. बुधवारी बटण पडलं तर ती तिसरी वेळ. इनसोपचा फोन ओरडणार, आणि शनिवारी तो गाडी घेऊन येणार. टाळायचं म्हटलं तर सोपं होतं. सकाळी मीच बटण खाली ओढायचं, इनसोपला सांगायचं की आज दिवसभर मी गावच्या बायकांच्या बैठकीत आहे, म्हणून घर बंद केलंय, आणि विजेच्या चटईवर बसून पाऊस जाऊ द्यायचा. पण पुढचा ओला दिवस? त्याच्या पुढचा? पावसाळ्यात काय सांगणार होते? बटण पडायलाच हवं होतं, आणि ते प्योच्या डोळ्यांसमोर पडायला हवं होतं. त्याला कारण सापडलं नाही, तर सहा खाटांची खोली. मी रताळी भाजून ठेवली आणि लवकर झोपले.

बुधवारी सकाळपासून भुरभुर पाऊस. छपरावरचा बर्फ सैल होऊन पागोळ्या लागल्या, समोरचा डोंगर दिसेनासा झाला. प्यो दहाला आला. बटण वरच होतं. बॉयलर छान घुमत होता.

“बघा, मास्तर आले, पोर गप्प,” तो म्हणाला.

“बस. वाट बघू.”

तो ओसरीच्या दाराशी पेटीखाली स्टूल टाकून बसला. मी त्याला कॉफी दिली, रताळं दिलं.

“तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा बिघाडाची वाट बघत बसलोय. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा असाच बसलो होतो. ती येईना, आणि मी आपला रताळी खातोय.”

“आली का मग?”

“आली. अजून आहे. ती काही बंद पडत नाही, दिवसभर चालू.”

मी हसले. या घरात मी कित्येक दिवसांत मोठ्यानं हसले नव्हते. मग आम्ही त्याच्या बापाविषयी बोललो. बॉयलर बसवून झाल्यावर इनसोपच्या वडिलांबरोबर त्यानं इतकी तांदळाची दारू प्यायली होती की त्याची सायकल आमच्याकडेच राहिली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मला वाटू लागलं, माझं कॅलेंडर चुकलंच असेल.

टक.

प्यो उभाच राहिला. काचेची डबी काळी झाली. आणि माझ्या खिशातला फोन वाजू लागला.

“आई.” इनसोपच्या मागे कचेरीतली माणसं बोलत होती. “हे तिसरं.”

“हो. मिस्त्री इथेच आहे. तोच बघतोय.”

“तो काय बघणार, आई? दोनदा बघितलं त्यानं. मी शनिवारी येतो. कपडे काढून ठेव, जास्त काही नको, तिथे सगळं देतात.”

“शनिवारी ये,” मी म्हटलं. “आता ठेव. मला त्याला बॅटरी धरायची आहे.”

मी मागे गेले तेव्हा प्योनं बॉयलरचा प्लग उपटून हातात धरला होता. “आई, आता पेटीतलं बटण वर करा बरं.” मी ओसरीवर जाऊन वर केलं. टक. पुन्हा पडलं.

“पडलं रे!” मी ओरडले.

“पडलं?” तो बॉयलरच्या खोलीतून ओरडला. “पडलं! अहो आई, बॉयलरचा प्लग तर माझ्या हातात आहे! हा बिचारा निर्दोष आहे! उगाच याचं पोट दोनदा फाडलं मी!”

म्हणजे गळती बॉयलरमध्ये नव्हतीच, ती भिंतीत होती. प्लग जिथे बसतो तो डबा बॉयलरच्या मागे, लोखंडी मांडणीच्या खाली होता. मांडणीवर जुनी गोधडी टाकलेली होती. प्योनं बॅटरी माझ्या हातात दिली, पोटावर आडवा झाला आणि मागे सरकला. थोड्या वेळानं त्याचा हात बाहेर आला. बोटं ओली होती आणि त्यांना पांढरं काहीतरी लागलं होतं. त्यानं बोट जिभेला लावलं.

“थू! कडू जहर!” मग तो तसाच आडवा पडून हसायला लागला. “आई, वर काय ठेवलंय तुम्ही? गोधडीखाली?”

मला तेव्हाच कळलं.

मीठ होतं. समुद्राच्या मिठाची दहा पोती. आमच्याकडे नवं मीठ कुणी वापरत नाही. पोती उंचावर ठेवून तीन-चार वर्षं निथळू द्यायची. त्यांतलं कडू पाणी थेंबथेंब गळून गेलं की मीठ गोड होतं. मग त्यानं कोबी खारवायचा, सोयाबीनची वाटणं मुरवायची. आणि हे मीठ हवा ओली झाली की रडतं, कोरडी झाली की गप्प बसतं. साठ वर्षं मी हे जाणते, सुनेला मीच शिकवलं. पूर्वी पोती मागच्या गोठ्यात असायची. बर्फानं गोठ्याचं छप्पर बसलं तेव्हा गावच्या मुखियानं ती उचलून या मांडणीवर रचली. पुढच्या पोत्यांखाली मी घमेलं ठेवलं होतं. ते कडू पाणी टोफू करायला लागतं. मागच्या पोत्यांखाली काहीच नव्हतं. त्यांचं पाणी भिंतीवरून उतरत सरळ विजेच्या डब्यात जात होतं.

“दोन वर्षं तुम्ही माझ्या प्लगचं लोणचं घातलंत,” प्यो कपडे झटकत म्हणाला. “मुरलंय अगदी. स्क्रू हिरवे झालेत. ओल आली की वीज या पाण्यातून पळते, वाळलं की रस्ता बंद. मी वाळल्यावर यायचो. आणि तो जुना बॉयलर आपण भंगारात घातला हो!”

“मला लाज वाटते, प्यो.”

“लाज कसली? गोधडी उचलून मी बघायला नको होतं का?”

त्यानं जुना डबा काढला, नवा दुसऱ्या भिंतीवर उंच बसवला, वायर नवी ओढली. मग एकेक पोतं उचलून पुढच्या ओसरीवर विटांवर रचलं. सातव्या पोत्याला थांबला. घाम पुसत त्यानं विचारलं, “इतकं मीठ कुणासाठी, आई? गावजेवण घालताय का?”

इनसोपच्या वडिलांनी ते शेवटच्या शरदात घेतलं होतं. तेव्हा नोव्हेंबरात दीडशे कोबी खारवायचो. चार घरांचं वर्षाचं किमची या अंगणात व्हायचं. मुलगा-सून, दोन्ही नणंदा, त्यांची मुलं, सगळ्यांचे हात मिरचीनं कोपरापर्यंत लाल. “दहा घेतली,” ते म्हणाले होते, “पुढची पाच वर्षं बघायला नको.” ते गेले. त्या वर्षी सून म्हणाली, आई, तुम्हाला त्रास नको, आम्ही डब्यातलं मागवतो. आता मी सहा कोबी खारवते. सहा कोबींना मूठभर मीठ पुरतं.

शनिवारी इनसोप एकटाच आला. गाडीचं मागचं दार उघडं राहिलं होतं, आत सीटवर निळी बॅग दिसली, नवीन, रिकामी. मी कपडे काढून ठेवले नव्हते. त्याला सरळ मागे नेलं. नवा डबा दाखवला, भिंतीवरचा पांढरा ओघळ दाखवला, प्योनं ठेवून दिलेला हिरवा पडलेला जुना डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

“मिठानं?” तो म्हणाला.

“मिठानं.”

“नवा बॉयलर उगाच घेतला म्हणजे.”

“ऊब चांगली आहे त्याची.”

तो ओसरीवर आला. पोत्यांकडे बघत उभा राहिला. “एवढं होतं हे? बाबांनी घेतलेलं?”

“एक घेऊन जा. चार वर्षं निथळलंय, आता गोड झालंय.”

“आई, चौदाव्या मजल्यावर मी ते कुठे ठेवू? खाली दिवाणखाना आहे लोकांचा.” तो हसला. मग हसू गेलं. पोत्यावर हात ठेवून तो म्हणाला, “आता कुणी इतकं करत नाही गं.”

“मला माहीत आहे.”

मी सूप केलं होतं. तो दोन वाट्या जेवला. जेवताना त्याच्या पाठीला घाम आला, त्यानं स्वेटर काढला. जमिनीवर हात टेकून बघितला. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते. मी मागायचं नाही, असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच.

“इनसोप, मी इथेच मरेन. उद्या नाही. पण इथेच.”

त्यानं चमचा खाली ठेवला. “पुन्हा बंद पडला तर?”

“पुन्हा पडला तर मी स्वतः बॅग भरेन. तुला यायलाही नको, बसनं येईन.”

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “राहा. मी त्यांना सांगतो, नाव काढा म्हणून.”

वाहनांची गर्दी व्हायच्या आत निघायचं म्हणून तो चारच्या आत गेला. मी फाटकाशी उभी होते. निळी बॅग मागच्या सीटवर तशीच होती. गाडी वळणाआड गेली तरी तिचा आवाज डोंगरातून थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

नंतर फेब्रुवारीत तीन दिवस धुकं होतं. पहिल्या दिवशी मी डबीसमोरून हलले नाही. बाविसाचे तेवीस झाले, तेविसाचे बावीस झाले, आकडे गेले नाहीत. मार्चमध्ये पाऊस आला. एप्रिलमध्ये आठवडाभर झड लागली. गुडघे दुखले, कपडे वाळले नाहीत, ओसरीवर मीठ घमेल्यात ठिबकत राहिलं, आणि बटण जागचं हललं नाही. फोनही वाजला नाही. मला जे हवं होतं ते मला मिळालं आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

काल पुन्हा पाऊस होता. दुपारी मीच इनसोपला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

“आई? काय झालं? थांब हं.” फोनवर बोटं फिरवल्याचा आवाज आला. “मला तर सगळं ठीक दिसतंय. बावीस. बॉयलर चालू आहे.”

“ठीकच आहे.”

“मग?”

“मग काही नाही,” मी म्हटलं. “जेवलास का?”